आगोटीच्या यादीत यंदा लॅपटॉप

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, यादीत आमच्याकडे उकडे तांदूळ, सुका बांगडा, गोलमो (सुकी बारीक कोळंबी), कोकमं, मिरच्या, चुलीची लाकडं आणि पडवीला बांधायची झापं एवढं असतं. यंदा खाली आणखी एक ओळ लिहावी लागली : लॅपटॉप. आंब्याच्या पार्सलांचा सगळा कारभार ज्यावर चालायचा तो डेस्कटॉप २०१४ चा. सुरू होईपर्यंत चहा उकळून गाळून व्हायचा. सासूबाईंचं मत मात्र ठरलेलं, ‘नवो घेतलंस तरी लाइट जातली ती जातलीच गो.’ लाइट जातलीच, म्हणून तर डेस्कटॉप नको होता.

दुकानात गाडी दोन लॅपटॉपवर येऊन अडली. एक चौदा इंची, बारीक, धातूच्या अंगाचा. दुसरा साडेपंधरा इंची, जाड, प्लास्टिकचा, सहा हजारांनी स्वस्त. दोन्हींत १६ जीबी रॅम (चालू कामापुरती मेमरी), ५१२ जीबीची एसएसडी (फाइली साठवायची, हार्ड डिस्कपेक्षा वेगवान जागा). मृग लागायच्या आत ठरवायचं होतं, कारण देवगडात जुलैत खरेदी करणं म्हणजे बिघाड निघाला की बदलून आणायला पावसात फोंडा घाट चढणं. ज्यांची खरेदी अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी माझी यादी इथे लिहिते.

आधी जुन्याचा निकाल लावा. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर दहा वर्षांचं मशीनही टुणकन उठतं, हे खरं आहे. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमचा आय-थ्री चौथ्या पिढीचा. कुठून तरी शोधून, नियम चुकवून ते घालता येतं म्हणतात. ज्या मशीनवर बँकेचं काम आणि डिजिटल सही चालते तिथे मी असले उद्योग करत नाही. जुन्यात एसएसडी आणि विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स मिंट घालून ते पुतण्याला टायपिंग शिकायला दिलं आहे.

दुकानाकडे जाण्याआधी जुन्यातलं काय काय काढायचं ते लिहून काढा, आणि हे काम घाईत करू नका. २०१९ च्या जूनमध्ये माझ्या हार्ड डिस्कमधून कट्... कट्... असा आवाज यायला लागला. पाल असेल म्हणून मी कॅबिनेट हलवून बघितलं. तिसऱ्या दिवशी डिस्क बंद, आणि तिच्यात पाच वर्षांची गिऱ्हाइकांची यादी. डेटा काढून द्यायला एका दुकानाने नव्या कॉम्प्युटरएवढे पैसे सांगितले. शेवटी यादी जुन्या ईमेलला जोडलेली सापडली, तीही दोन सिझन मागची. तेव्हापासून एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक क्लाउडवर असते. बाहेरची डिस्क तांदळाच्या डब्यात नाही, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. तांदळाची पूड पोर्टात जाते, दमट तर दमट ते राहतंच.

फाइली उतरवताना फाँट विसरू नका. आपल्याकडच्या जुन्या मराठी फाइली, लग्नपत्रिकेपासून संस्थेच्या ठरावांपर्यंत, श्रीलिपी नाहीतर आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या, नाहीत. नव्या मशीनवर तो फाँट नसेल तर ‘सर्वसाधारण सभा’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो आणि माणूस फाइल बिघडली समजतो. फाइल बिघडलेली नसते. फाँटचं फोल्डर सोबत घ्या, पण महत्त्वाचं तेवढं युनिकोडमध्ये करून घ्या. श्रीलिपीच्या जुन्या आवृत्त्यांना डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) लागायचा, तोही ड्रॉवरमधून शोधून ठेवा. डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा) बहुतेक चौकोनी यूएसबीचा असतो, तेव्हा नव्यात तसं पोर्ट किती हे आत्ताच मोजा. माझी तीन ठरलेली : टोकन, प्रिंटर, माउस. बारीकमध्ये तसं एकच होतं. लग्नाची डीव्हीडी असेल तर तीही आत्ताच उतरवून घ्या, नव्यांत डीव्हीडी ड्राइव्ह बहुतेक मिळणार नाही.

दुकानात नावाला भुलू नका. मला आधी एक तिसराच दाखवला होता, ‘मॅडम, हाही रायझन ५, हाही सात हजार सिरीज, आणि स्वस्त.’ रायझन म्हणजे एएमडी कंपनीचा प्रोसेसर. त्याचा आकडा ७५२०यू. जाड लॅपटॉपचा ७५३०यू. या मालिकेत तिसरा आकडा बघायचा, तो आतली रचना कोणती ते सांगतो : २ म्हणजे झेन २, जी २०१९ मध्ये आली, ३ म्हणजे झेन ३. नावात दहाचा फरक, आत एका पिढीचा. शिवाय ७५२०यूला रॅम नेहमी बोर्डावर सोल्डर केलेलीच, म्हणजे झाळून पक्की बसवलेली, येते. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जास्त जोराचा, जास्त तापणारा आणि पंखा घोंघावणारा. हिशेब, लेबलं आणि फोटोंसाठी यू पुरतो. मे महिन्यात आमच्या माळ्याखालच्या खोलीत एच घेऊन बसायची माझी तयारी नाही.

रॅमबद्दल दुकानदाराला नेमका प्रश्न विचारा : सोल्डर केलेली की काढता येणारी? रिकामा स्लॉट आहे का? ‘वाढवता येईल’ एवढं उत्तर पुरे नाही. कधी कधी ते एसएसडीबद्दल ‘वाढवता येईल’ म्हणत असतात, रॅमबद्दल नाही. बारीकमधली १६ जीबी बोर्डावरच होती, म्हणजे जी आहे ती शेवटपर्यंत. जाडमध्ये दोन स्लॉट, आठ-आठच्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्या असल्या की ग्राफिक्सलाही हात मिळतो, कारण असल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची वेगळी मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं.

बॅटरीचे ‘दहा तास’ ऐकून घ्या आणि वॉट-तास, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज, विचारा. हिशेब आणि ब्राउझर एवढ्या कामाला मी ताशी ८ वॉट-तास धरते. बारीकची बॅटरी ५६ ची, म्हणजे सात तास. जाडची ४२ ची, सव्वापाच. इथे बारीक सरळ पुढे. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्याकडे पाच दिवस लाइट नव्हती, आणि तेव्हा सातच काय, सतरा तासही पुरले नसते. म्हणून तासांपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटलं की टाइप-सी पोर्टातून चार्जिंग होतं का. होत असेल तर गाडीतल्या किंवा पॉवर बँकेच्या दमदार चार्जरवर काम निघतं. सगळ्या टाइप-सीतून चार्जिंग होत नाही. दुकानातल्या दुकानात टाइप-सीचा चार्जर लावून बघा, दिवा लागतो की नाही.

स्क्रीनमध्येही बारीकच सरस होता, आणि आंबेवाल्यांनी इथे थांबावं. स्वस्त पडद्यांच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणजे पडदा रंग कमी दाखवतो. अशा पडद्यावर पिकलेला हापूस आजारी दिसतो. मी एकदा असल्याच पडद्यावर फोटोला रंग चढवत गेले, चढवत गेले, आणि मुंबईच्या गिऱ्हाइकाने त्यांच्या मोबाइलवर बघून विचारलं, ‘ताई, हे आंबे रंगवलेत का?’ तेव्हापासून गिऱ्हाइकाला पाठवायचा फोटो मोबाइलवर बघूनच पाठवते. उजेड निट्समध्ये मोजतात. २५० निट्सचा पडदा दिवसा पडवीत आरसा होतो. ३०० च्या खाली जाऊ नका आणि चकचकीत पडदा घेऊ नका.

मग लॅपटॉप हातात घ्या. झाकण एका बोटाने उघडतं का, की खालचा भागही सोबत उठतो? कीबोर्डच्या मधोमध अंगठा दाबा, ‘G’ ही कळ आहे तिथे. प्लास्टिकचा थोडा लवचिक असणारच, पण टिचकीसरशी खाली जात असेल तर नको. जाड थोडा लवला. मी पुन्हा दाबून बघितला. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होता.

एवढं होईपर्यंत गुण बारीकचे जास्त भरत होते, हे प्रामाणिकपणे सांगते. पारडं फिरलं ते सर्व्हिसच्या प्रश्नावर. ‘घरी येऊन दुरुस्ती’ असं खोक्यावर छापलेलं असतं, पण ते तुमच्या पिनकोडवर लागू आहे का, हे कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकूनच बघायचं. नसेल तर लॅपटॉप आपणच नेऊन द्यायचा. कुठे? कणकवलीत, की कोल्हापूरला? गावाचं नाव घेऊन विचारा आणि तिथे फोन करून विचारा की कीबोर्ड बदलायला किती दिवस लागतात. बारीकचा कीबोर्ड वरच्या झाकणाला जोडूनच येतो, एक कळ गेली तर अख्खं झाकण बदलायचं. जाडचं मागचं झाकण साध्या स्क्रूंवर. बॅटरी, रॅम, एसएसडी, पंखा, सगळं स्क्रू-ड्रायव्हरवर निघतं, आणि आमच्या बाजारातला मुलगा ते काढू शकतो. खारी हवा तीन-चार वर्षांत कुठे तरी शिरतेच. जुन्या डेस्कटॉपचं कॅबिनेट उघडलं तेव्हा यूएसबीच्या पोर्टात तांब्याचा हिरवा थर होता, पंख्यावर जाळं आणि एका कोपऱ्यात पालीचं अंडं. ते बघून आलेल्या बाईने न उघडणारं यंत्र घ्यायचं? जाड घेतला. वाचलेल्या सहा हजारांत बाहेरची आणखी एक डिस्क आली आणि पाणी सांडल्याचं संरक्षण असलेली जास्तीची वॉरंटी.

घरची तयारी लॅपटॉप यायच्या आधी करा. प्लगच्या तिसऱ्या भोकात अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनला मीटर लावून बघायला सांगा. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि धातूच्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात. खड्ड्यात पाणी घाला. मेच्या शेवटी आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की चार्जर आणि राउटर दोन्ही प्लगमधून काढा, बटण बंद करून भागत नाही. व्होल्टेज पडलं तर घाबरू नका, चार्जरवर १००-२४० असं लिहिलेलं असतं. आणि पावसाळाभर लॅपटॉप बॅगेत घालून कपाटात ठेवू नका. चामड्याच्या चपलेवर येते ती बुरशी त्यालाही येते. रोज तासभर चालवा, आतली उष्णता ओल धरू देत नाही. मेजावर साखरेचा डबा नको, मुंग्या पंख्याच्या जाळीतून आत घर करतात.

आणल्यावर बिलावरचा सिरीयल नंबर खालच्या चिकटपट्टीशी ताडून बघा, आणि वॉरंटी खरेदीच्याच तारखेपासून सुरू झाली आहे का ते साइटवर बघा. परत द्यायची मुदत संपायच्या आत तो दिवसभर चालवा, एकदा बॅटरी पूर्ण उतरवा. कमांडच्या खिडकीत powercfg /batteryreport असं टाइप करून बॅटरी रिपोर्ट काढला की बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी दिसते, नव्यात दोन्ही जवळपास सारखी असायला हवी. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने शिरलात तर डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते, आणि कुठे काही बिघडलं तर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती खात्यात साठवलेली असते, पण त्या वेळी खातं उघडायला दुसरं मशीन हाताशी असेलच असं नाही. आमची की बागेच्या खताच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिली आहे, बॉलपेननं, दोनदा ताडून.