लिनक्सवर धावण्याचे जीपीएस घड्याळ जोडताना या चुका टाळा

लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या धावपटूला गार्मिन कंपनीचे घड्याळ संगणकाला जोडताच येत नाही, ही समजूत अजूनही बरीच पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. गार्मिन एक्स्प्रेस हे कंपनीचे सॉफ्टवेअर फक्त विंडोज आणि मॅकसाठी निघते, एवढेच खरे. धावेची संपूर्ण नोंद, म्हणजे मार्ग, वेळ, हृदयाचे ठोके आणि लॅप, आजच्या घड्याळांत ‘फिट’ (.fit) नावाच्या प्रकारच्या फाइलमध्ये साठवलेली असते आणि ती फाइल संगणकावर आणण्यासाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरची गरज पडत नाही. बहुतेकांची गाडी अडते ती आपले घड्याळ संगणकाशी कोणत्या पद्धतीने संवाद साधते हे न पाहताच उपाय करू लागल्यामुळे.

गेल्या काही वर्षांत ही पद्धत अनेकदा बदलली आहे. २००६ मधील फोररनर ३०५ हे घड्याळ गार्मिनच्या स्वतःच्या यूएसबी प्रोटोकॉलवर, म्हणजे संवादाच्या नियमांवर, चालत असे. २००८ मधील फोररनर ४०५ साठी संगणकात अँट नावाची बिनतारी स्टिक लावावी लागे. पुढे २३५ आणि ९३५ ही घड्याळे साध्या पेन ड्राइव्हसारखी उघडू लागली, तर संगीत साठवणाऱ्या २४५ म्युझिक आणि ९४५ यांनी एमटीपी (फोनमधील फाइली संगणकावर उघडण्यासाठीही वापरली जाणारी) पद्धत स्वीकारली. जुन्या घड्याळासाठी लिहिलेली कृती नव्या घड्याळावर करून पाहणे ही म्हणूनच सर्वांत मोठी आणि सर्वांत वेळखाऊ चूक ठरते. ३०५ साठी कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, गार्मिन जीपीएस हे मोड्यूल (घटक) बंद करणे आवश्यक होते, कारण ते मोड्यूल घड्याळ आधीच ताब्यात घेई आणि जीपीएसबेबेल या जीपीएस नोंदी वाचणाऱ्या आणि रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला थेट यूएसबीवरून वाचू देत नसे. ९४५ च्या मालकाने तेच केले तर काहीही साधत नाही.

दुसरी चूक म्हणजे वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारे साधन) यामध्ये किंवा आभासी संगणकात विंडोजचे सॉफ्टवेअर चालवण्याचा अट्टहास. धावा उतरवण्यासाठी याची गरज नाही आणि फर्मवेअर, म्हणजे घड्याळाचे आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करण्यासाठी तो मार्ग धोक्याचा आहे, कारण अद्ययावत होताना घड्याळ मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकते आणि त्या क्षणी आभासी संगणकाशी असलेली त्याची जोडणी तुटू शकते. फर्मवेअरसाठी फोनवरील ॲप वापरणे अधिक सुरक्षित.

घड्याळ दिसतच नसेल तर

सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb) ही जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड चालवावी. तारेने जोडलेले घड्याळ असेल तर त्या यादीत गार्मिनचे नाव यायला हवे. ते नसेल तर दोष केबलचा, पोर्टचा किंवा घड्याळाच्या पाठीवरील पिनांचा असतो. घामातील क्षार या पिनांवर साचतात. मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने त्या पुसून पूर्ण कोरड्या केल्याशिवाय पुढचे काही करू नये. घड्याळ चार्ज होत आहे म्हणजे केबल ठीक आहे, असा निष्कर्षही काढू नये, कारण काही स्वस्त केबलांमध्ये विजेच्याच तारा असतात, डेटाच्या नसतात.

यादीत नाव आहे पण फोल्डर उघडत नाही, अशी स्थिती एमटीपी घड्याळांत फार आढळते आणि तिची दोन कारणे नीट समजून घेण्याजोगी आहेत. पहिले कारण घड्याळाच्या सेटिंगमध्ये असते: अनेक मॉडेलांत सिस्टिमच्या यादीत यूएसबी मोड असा पर्याय असतो आणि तो ‘गार्मिन’वर राहिला असेल तर लिनक्सला फोल्डर दिसत नाही, तो एमटीपीवर आणावा लागतो. दुसरे कारण असे की एमटीपी उपकरण एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात राहते. ग्नोम किंवा केडीई या लिनक्स डेस्कटॉपांचा फाइल व्यवस्थापक घड्याळ जोडताच ते आपणहून ताब्यात घेतो आणि मग जेएमटीपीएफएससारखे, एमटीपी उपकरण फोल्डर म्हणून जोडणारे साधन ‘उपकरण व्यस्त आहे’ असे सांगून थांबते. दोन्हींपैकी एकच मार्ग निवडावा. फाइल व्यवस्थापकातून गार्मिन आणि त्यातील ॲक्टिव्हिटी या फोल्डरपर्यंत जाऊन फाइली आधी स्वतःच्या होम फोल्डरमध्ये उतरवून घ्याव्यात आणि नंतर गोल्डन चीता या सरावाचे विश्लेषण करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडाव्यात. घड्याळावरील फाइल थेट उघडण्याचा आग्रह धरला तर अनेक प्रोग्रॅम अडखळतात.

अँट स्टिकच्या बाबतीत अडचण बहुधा परवानगीची असते. परवानगी नाकारली गेली की सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, प्रोग्रॅम चालवण्याची सवय मोडायला हवी, कारण त्यामुळे उतरलेल्या फाइली रूटच्या (प्रशासकाच्या) मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी नवीच अडचण उभी राहते. एलएसयूएसबीच्या यादीत स्टिकपुढे, मध्ये अपूर्णविराम असलेले दोन क्रमांक दिसतात, पहिला उत्पादकाचा आणि दुसरा वस्तूचा. ते घेऊन युडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या व्यवस्थेचा) एक नियम लिहावा, नियम पुन्हा वाचायला सांगावेत आणि स्टिक काढून परत लावावी. हे शेवटचे पाऊल विसरल्यामुळे बरोबर लिहिलेला नियमही चुकला असे वाटते.

फाइली हाताळताना

पेन ड्राइव्हसारख्या उघडणाऱ्या घड्याळाची तार ‘इजेक्ट’ न करता ओढू नये. लिनक्स लेखन काही काळ मेमरीत राखून ठेवतो आणि घड्याळातील फॅट फाइल व्यवस्था अशा घाईने सहज बिघडते. घड्याळ फॉरमॅट करण्याचा विचार तर मनातही आणू नये. नवा मार्ग घड्याळात घालायचा असेल तर तो कोर्सेसमध्ये नव्हे, न्यूफाइल्स या फोल्डरमध्ये ठेवावा. तार काढल्यावर घड्याळ तो स्वतः वाचून योग्य जागी नेते.

मूळ फिट फाइल कधीही टाकून देऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. जीपीएसबेबेलने तिचे जीपीएक्स या सर्वसाधारण मार्ग-फाइलमध्ये साधे रूपांतर केले तर हृदयाचे ठोके गळून पडू शकतात. ते हवे असतील तर आउटपुटला गार्मिन एक्स्टेन्शन्स हा पर्याय जोडावा लागतो. स्ट्राव्हा आणि गार्मिन कनेक्ट या धावांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवांच्या संकेतस्थळांवर ब्राउझरमधून फिट फाइल जशीच्या तशी चढवता येते, म्हणजे तिथे रूपांतराचे कारणच उरत नाही.

वेळेचा गोंधळ भारतात विशेष जाणवतो. नोंद यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे, त्यामुळे पहाटे ५.३० च्या आधी सुरू केलेली धाव ज्या प्रोग्रॅममध्ये स्थानिक वेळ लावलेली नाही तिथे आदल्या दिवशीची दिसते. स्वतः स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: फिट फाइलमधील सेकंद लिनक्सच्या घड्याळासारखे १९७० पासून नव्हे, ३१ डिसेंबर १९८९ पासून मोजलेले असतात, म्हणून २०२४ मधील धाव २००४ मधील वाटली तर फाइल खराब आहे असे समजू नये.

फोनचे ॲप न वापरता सर्व काही लिनक्सवरच करणाऱ्यांना एक तक्रार हमखास भेडसावते: उपग्रह लवकर सापडत नाहीत. ॲप घड्याळाला पुढील काही दिवसांचा उपग्रहांच्या स्थानांचा अंदाज पुरवत असते. तो शिळा झाला की प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची माहिती घड्याळाला आकाशातून घ्यावी लागते. तिचे एक प्रसारण ३० सेकंदांचे असते आणि मध्ये संदेश तुटला तर पुन्हा थांबावे लागते. सर्व उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण व्हायला तर साडेबारा मिनिटे लागतात. त्यामुळे असे घड्याळ बरेच दिवसांनी वापरताना उंच इमारतींपासून दूर, मोकळ्या जागी काही वेळ स्थिर उभे राहावे आणि उपग्रह मिळाल्याची खूण दिसल्यावरच धावायला सुरुवात करावी.