खाली पुस्तकं, वर जेवण: डब्लिनच्या ‘वाइंडिंग स्टेअर’मध्ये एक दुपार कशी घालवावी

डब्लिनमध्ये एखादी दुपार मोकळी मिळाली की बहुतेक प्रवासी गिनेस बिअरच्या कारखान्याकडे नाहीतर ट्रिनिटी कॉलेजकडे वळतात. तिकडेही जा. पण तुम्हाला पुस्तकांचं वेड असेल आणि बरोबरच्या माणसाला ते अजिबात नसेल, तर लिफी नदीच्या उत्तर काठावर, ‘लोअर ऑर्मंड की’ या नदीकाठच्या रस्त्यावर ४० नंबरच्या इमारतीत ‘द वाइंडिंग स्टेअर’ आहे. तळमजल्यावर नव्या-जुन्या पुस्तकांचं छोटं स्वतंत्र दुकान आणि वरच्या मजल्यावर रेस्टॉरंट. एकाला भूक लागेपर्यंत दुसऱ्याची पुस्तकं चाळून होतात, भांडण होत नाही.

फक्त क्रम पाळायचा: आधी बघायचं, मग जेवायचं, विकत शेवटी घ्यायचं. उलट केलंत तर पिशव्या सांभाळत जेवावं लागतं आणि भुकेल्या पोटी घेतलेली पुस्तकं नंतर ‘हे कशाला घेतलं?’ म्हणून आपल्याकडे बघत राहतात.

टेबल सांगून ठेवा

दुकानात कधीही शिरता येतं, वर जेवायला मात्र आधी बुकिंग केलेलं बरं, विशेषतः शनिवार-रविवारी. जागा मोठी नाही. बुकिंग करताना खिडकीजवळचं टेबल मागा. मिळेलच असं नाही, पण मागायला काय जातं! त्या खिडक्यांतून खाली नदी आणि समोर हा’पेनी पूल दिसतो, आणि वर जाण्याचं निम्मं कारण तेच आहे. दुकानाच्या आणि रेस्टॉरंटच्या वेळा एकच असतील असं गृहीत धरू नका, दोन्हींच्या वेळा त्याच आठवड्यात तपासा. बरोबर वयस्कर मंडळी असतील, गुडघ्यांची तक्रार असेल, तर जिन्याबद्दलही आधीच विचारून घ्या. नावातच जिना आहे म्हटल्यावर नंतर तक्रार करून उपयोग नाही.

मी दुपारचं जेवण सुचवेन. खिडकीतला उजेड तेव्हा चांगला असतो. डिसेंबरात तिथे चार-सव्वाचारलाच सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात टेबल लवकरचं घ्या.

युरोपच्या सहलीला जोडून डब्लिन करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं: चलन युरोच असलं तरी आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. शेंगेन व्हिसावर तिथे उतरता येत नाही.

पुलावरूनच या

लुआस या ट्रामच्या लाल मार्गावरचा जर्व्हिस थांबा जवळ आहे, तिथून पाचेक मिनिटं चालत. ओकॉनल पुलाकडून नदीकाठानेही येता येतं. पण पहिल्यांदा जात असाल तर दक्षिणेकडून, टेंपल बार भागातून या. मर्चंट्स आर्च नावाच्या अरुंद बोळातून बाहेर पडलात की समोरच पांढरा, कमानदार हा’पेनी पूल दिसतो.

हा पूल १८१६ सालचा, ओतीव लोखंडाचा, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. पलीकडे जायला अर्धी पेनी टोल पडायचा, म्हणून लोकांनी त्याचं नाव हा’पेनी ठेवलं. टोल १९१९ मध्ये बंद झाला तरी नाव टिकलं. कागदोपत्री तो लिफी पूल आहे, पण त्या नावाने पत्ता विचारून पाहा, समोरचा क्षणभर विचारात पडेल.

पूल ओलांडून रस्ता पार करा आणि डावीकडे बघा. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, तेवढी एक सवय तरी बदलावी लागत नाही.

नावाची गोष्ट माहीत असू द्या

‘वाइंडिंग स्टेअर’ म्हणजे चक्री जिना. हे नाव कवी विल्यम बटलर येट्स यांच्या १९३३च्या कवितासंग्रहावरून आलं. येट्स यांनी गॉलवे परगण्यातला एक जुना दगडी मनोरा ३५ पौंडांना विकत घेतला होता, त्याच्या आतला तो जिना. दुकानही आता जुनंच म्हणायचं. इथलं पुस्तकांचं दुकान आणि कॅफे म्हणजे शहरातल्या लेखक-कलावंतांचा अड्डा होता. २००५ मध्ये ते बंद पडलं, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. पुढच्याच वर्षी नव्या हातांत ते पुन्हा उघडलं, या वेळी वर रीतसर रेस्टॉरंट घेऊन.

मराठी माणसाने इथे एक नाव आठवावं. विदर्भातल्या बडनेऱ्याचे श्री पुरोहित स्वामी १९३१ साली लंडनमध्ये येट्स यांना भेटले. पुढे दोघांनी मिळून दहा उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १९३७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी स्वामींनी आपल्या गुरूंचं कैलास-मानसरोवर यात्रेचं मराठी पुस्तक इंग्रजीत नेलं होतं, त्याला प्रस्तावनाही येट्स यांचीच. म्हणजे मराठीत लिहिलेल्या एका पुस्तकाची ओळख इंग्रजी वाचकांना नोबेल मिळालेल्या आयरिश कवीने करून दिली. आपल्याकडे ही गोष्ट फार कमी सांगितली जाते. दुकानात काउंटरवर गप्पा जमल्या तर तुम्ही सांगा.

आता पुस्तकं

जेवणाच्या वेळेआधी किमान पाऊण तास हातात ठेवा. पहिली फेरी रिकाम्या हातांनी मारा, काहीही उचलू नका. दुकान लहान असल्यामुळे हे जमतं. मोठ्या साखळी दुकानांत जी पुस्तकं तुमच्या अंगावर येतात, ती इथे शोधत बसू नका, ती विमानतळावरही मिळतील. इथे विचारायचं ते असं: ‘इथल्या छोट्या प्रकाशकांचं, या वर्षातलं, तुम्हाला स्वतःला आवडलेलं काय आहे?’ स्वतंत्र दुकानात काम करणारी माणसं बहुधा वाचणारी असतात, आणि हा प्रश्न त्यांना मनापासून आवडतो. आयरिश कथा आणि कविता छोट्या प्रकाशनांतून उत्तम निघतात, पण आपल्याकडे सहज पोहोचत नाहीत. खिसा तिथे मोकळा करा.

मग जुनी पुस्तकं. जुनं पुस्तक हातात घेतलं की पहिलं कोरं पान उघडा. बहुतेक दुकानांत किंमत तिथे पेन्सिलीने लिहिलेली असते. शिवण ढिली आहे का, पानं सुटली आहेत का, बघा. कुणी कुणाला भेट दिल्याच्या दोन ओळी सापडल्या तर मी त्याचे दोन युरो जास्त द्यायलाही तयार असतो, पण तो माझा दोष आहे.

आयर्लंडमध्ये जुन्या पुस्तकांत हमखास शोधायची गोष्ट म्हणजे जुन्या गेलिक टंकातली आयरिश पुस्तकं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आयरिश भाषा स्वतःच्या गोलसर, टोकदार अक्षरांत छापली जायची. मग शाळांत आणि सरकारी छपाईत साधी रोमन अक्षरं आली आणि जुना टंक पाट्यांपुरता, शोभेपुरता उरला. आजोबांच्या दप्तरातला मोडी कागद हातात धरून ‘यात काय लिहिलंय?’ म्हणणारा मराठी नातू आठवतो ना? तिथल्या नातवंडांचंही थोडंफार तेच. एक अक्षर कळलं नाही तरी असं एखादं पातळ पुस्तक घ्यावं. जुनी एकच प्रत असलेलं काही आवडलं तर मात्र क्रमाचा नियम जरा वाकवा: जेवून येईपर्यंत बाजूला ठेवाल का, असं सरळ विचारा.

वर गेल्यावर

मेनू बदलत राहतो, त्यामुळे अमुक मागवा असं सांगत नाही. भर आयरिश मालावर असतो: किनाऱ्यावरचे मासे, शिंपले, तिथलं चीज, मांस. कोकणातल्या माणसाला फारसं परकं वाटायचं नाही, कालवं आणि शिनाणे खाऊन वाढलेल्या जिभेला तर नाहीच. मसाला मात्र विसरा. सोडा ब्रेड मिळाला तर जरूर खा: यीस्ट नाही, ताक आणि खायचा सोडा घालून फुगवलेला भरड गव्हाचा पाव. ताक तिथेही कामी येतं, हे बघून बरं वाटतं. शेवटी ब्रेड अँड बटर पुडिंग असेल तर दोघांत एक पुरतं.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, आणि ‘शाकाहारी’ एवढा एकच शब्द पुरेसा समजू नका. मासे नको, चिकन नको, मांसाच्या पाण्यातलं सूप नको, असं एकेक सांगा. साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बेकन असू शकतं. कांदा-लसूण-बटाटा न खाणाऱ्यांची आयर्लंडमध्ये जरा परीक्षाच आहे.

पाणी हवं तर नळाचं मागा, बाटलीचे पैसे वाचतात. बिलात सेवाशुल्क लावलं आहे का ते बघा. नसेल तर साधारण १० टक्के टिप ठेवायची पद्धत आहे.

पुन्हा खाली

आता खरेदी. छापील पुस्तकांवर आयर्लंडमध्ये मूल्यवर्धित कर शून्य आहे, तेव्हा परदेशी पाहुणा म्हणून कर परत मिळेल का, हे विचारू नका. लावलेलाच नाही, तर परत काय मिळणार? पुठ्ठा बांधणीचा मोह आवरा. एकदा मी विमानतळाच्या काउंटरसमोर बॅग उघडून, चार जाडजूड ग्रंथ कोटाच्या खिशांत कोंबून, वजनाचा काटा खाली आणला आहे. मागे रांगेतले लोक शांतपणे बघत होते.

घरून एक कापडी पिशवी घेऊन जा. आयर्लंडने २००२ मध्येच प्लास्टिकच्या पिशव्यांवर आकार बसवला. कागदी पिशवी मिळाली तरी ती डब्लिनच्या पावसात पुलाच्या मध्यापर्यंत टिकेल, पलीकडच्या टोकापर्यंत टिकेलच याची खात्री नाही.