विमान स्पिनमध्ये गेलं? या चुका टाळा

स्पिन म्हणजे पंखांची उचल हरवून विमान गरगरत खाली पडणं. त्यातून बाहेर पडायची कृती लढाऊ विमानं शिकणाऱ्या वैमानिकांना पाठ असते. घात होतो तो उंचीच्या हिशोबात.

ताबा सुटल्यावर कुठल्या उंचीला इजेक्ट करायचं (हँडल ओढून रॉकेटच्या सीटसकट विमानाबाहेर पडायचं), ते विमानाच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ही उंची जमिनीपासूनची; अल्टिमीटर (उंची दाखवणारं उपकरण) मात्र सहसा समुद्रसपाटीपासूनची दाखवतो. समजा मर्यादा 10,000 फूट आहे आणि खाली 2,000 फूट उंचीचं पठार आहे. मग काटा 12,000 वर येताच हँडल ओढायचं. मिनिटाला 18,000 फुटांनी पडणारं विमान विसरलेले 2,000 फूट सात सेकंदांच्या आत खाऊन टाकतं. काट्याचा हा आकडा (इथे 12,000) उड्डाणाआधीच मांडीवरच्या पॅडवर लिहा, ब्रीफिंगमध्ये विमानातल्या दोघांनीही मोठ्याने म्हणा. त्याखाली "अजून एकदा बघू" नाही.

दुसरी चूक, घाईघाईने उलटा रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू) मारणं. आधी थ्रॉटल आयडलला (इंजिनाची ताकद किमान), स्टिक आणि रडर मध्यावर. मग काटे वाचा. वेग कमी आणि जवळपास स्थिर, अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन) कमालीचा जास्त, तर सरळ स्पिन, म्हणजे विमान उलटं न होता घेतलेला. वेग वाढत असेल तर तो स्पायरल (वळत वळत घेतलेला सूर), तिथे स्पिनची कृती चालत नाही. फिरण्याची दिशा टर्न नीडलवरून (वळण दाखवणारा काटा) ठरवा, मगच तिच्या उलटा रडर. त्याच उपकरणातल्या खालच्या चेंडूवर स्पिनमध्ये विसंबू नये, आणि स्वतःच्या कानातल्या तोलाच्या जाणिवेवर तर मुळीच नको. फिरणं थांबलं की रडर लगेच मध्यावर, नाहीतर विमान उलट्या बाजूला स्पिन घेतं. नंतर नाक वर घ्यायला खेचाखेच केलीत तर पुन्हा स्टॉल (पंखांची उचल जाणं).

'झिरो-झिरो' इजेक्शन सीट आहे म्हणून निर्धास्त राहणारेही असतात. शून्य उंची, शून्य वेग ही हमी विमान सरळ आणि न पडणारं असेल तेव्हाची. खाली जाण्याचा वेग आणि बँक (एका बाजूला कलणं) जितकी जास्त, तितकी लागणारी उंची वाढते.

हँडल ओढताना खाली वाकून बघू नका. डोकं हेडरेस्टला, पाठ सीटला टेकलेली, कोपर अंगालगत, हेल्मेटचा व्हायझर खाली. मान वाकलेली असेल तर रॉकेटच्या धक्क्याने मणका दबून मोडू शकतो.

दोन सीटच्या विमानात सिलेक्टर (एका हँडलने एकच सीट सुटणार की दोन्ही, ते ठरवणारा खटका) कुठे आहे, हे इंजिन सुरू करण्याआधी तपासा. एका हँडलने दोघंही जाणार असतील, तर साधारणपणे आधी मागची सीट सुटते; पुढची आधी गेली तर तिच्या रॉकेटची आग मागच्याच्या अंगावर येते. "इजेक्ट, इजेक्ट, इजेक्ट" म्हटल्यावर उत्तराची वाट पाहायची नसते.