बोर्डावर 'फ्रेश' लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की मालवण, तारकर्ली, देवबागला होमस्टेचे नवे बोर्ड रंगायला जातात आणि प्रत्येकावर फ्रेश हा शब्द हवाच. आपण त्याचा अर्थ ताजं एवढाच धरतो, गडबड तिथेच होते. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'फेर्श' असा होता, पाण्याला लावायचे आणि अर्थ होता खारट नसलेलं, म्हणजे आपलं गोडं पाणी! नवं, ताजं हा अर्थ १३०० च्या सुमाराचा.

म्हणून सर्वात मोठी चूक म्हणजे 'फ्रेशवॉटर फिश'. सुरमई, पापलेट, बांगडा सगळं समुद्राचं, आणि बोर्ड वाचून गेस्टला वाटतं इथे रोहू-कटला मिळतो. नुसतं 'फ्रेश फिश' लिहा की राव, नाहीतर 'फ्रेश सीफूड'.

याच्या बरोबर उलटी चूक गाइड मंडळी करतात. सिंधुदुर्ग किल्ल्यात चहूबाजूंनी खारं पाणी असूनही दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, ते सांगताना 'स्वीट वॉटर' म्हणतात, मग परदेशी पाहुणा साखरबाव ऐकून खरंच सरबत समजला तर दोष कुणाचा? तिथे फ्रेश वॉटरच म्हणायचं.

खारवलेल्या बांगड्याच्या पाकिटावर 'फ्रेश ड्राय फिश' पण नको. इंग्रजीत फ्रेश म्हणजे न खारवलेलं, न सुकवलेलं, डब्यातलं नसलेलं. 'ड्राइड धिस सीझन' लिहा, माल यंदाचा आहे हे कळतं.

'प्लीज बी फ्रेश' ऐवजी 'फ्रेशन अप'. आणि 'अवर स्टाफ इज व्हेरी फ्रेश' तर चुकूनही नको, कारण अमेरिकन बोलीत माणूस फ्रेश म्हणजे आगाऊ, अंगचटीला येणारा 😄

बोटवाल्यांनी मात्र हे नीट वाचा. हवामानाच्या इंग्रजी बुलेटिनात 'फ्रेश ब्रीझ' दिसलं की मंद झुळूक समजू नका. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट स्केलवर तो ५ नंबरचा वारा, १७ ते २१ नॉट, म्हणजे ताशी साधारण २९ ते ३८ किलोमीटर, समुद्रभर लाटांचे पांढरे शेंडे दिसायला लागतात. मंद झुळकेला तिथे 'लाइट ब्रीझ' म्हणतात, तो २ नंबर. त्यामुळे छोट्या होडीत पर्यटक भरण्याआधी शब्द नाही, आकडा बघा.