कॉमिकमधली गाडी खरी कुठली, कशी ओळखायची

टिनटिन या कॉमिकमधल्या गाड्या मनाने काढल्यात असं बऱ्याच जणांना वाटतं, पण त्याचा चित्रकार हर्जे फोटो, कात्रणं समोर ठेवून काम करायचा त्यामुळे त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं मेक-मॉडेल चक्क सापडतं, फक्त बघायचं कुठे ते कळलं पाहिजे.

रंगावर जाऊ नका, रंग काय कसाही भरता येतो. आधी तोंड बघा, म्हणजे ग्रिल आणि हेडलाइट. सेव्हन क्रिस्टल बॉल्स या टिनटिनच्या पुस्तकातली त्याचा मित्र कॅप्टन हॅडॉकची पिवळी गाडी घ्या, ग्रिल पार खाली बंपरजवळ, मधोमध दोन भागात, आणि हेडलाइट वेगळे उभे नाहीत तर मडगार्डमध्येच बसवलेले, ती लिंकन झेफर, 1938 ची, व्ही-12 म्हणजे बारा सिलिंडरच्या इंजिनवाली. ग्रिलवर एकावर एक दोन उलटे व्ही दिसले की सिट्रोएन, तिथे डोकं खाजवायची गरजच नाही.

जीप मात्र कॉमिकपेक्षा ठाण्याच्या वागळे इस्टेटला शिका, तिकडे जुन्या जीपची कामं करणारं एखादं गॅरेज गाठा आणि ग्रिलच्या उभ्या फटी मोजा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबी जीपला 9, नंतरच्या सिव्हिलियन सीजेला 7. महिंद्राने वर्षानुवर्षं बनवलेली सीजे-3बी तर बॉनेटवरूनच कळते, आतलं इंजिन उंच म्हणून बॉनेटही उंच. हे नजरेत बसलं की मग टिनटिनचं लँड ऑफ ब्लॅक गोल्ड उघडा, वाळवंटात थॉमसन-थॉम्पसन ही गुप्तहेरांची जोडी जी जीप फिरवते ती विलिस आहे, बॉनेट बघा किती बसकं.

आता खरी गोची. टिनटिनचं ब्लॅक आयलंड मुळात 1937-38 चं, पण 1966 च्या आवृत्तीसाठी सगळं नव्याने काढलं आणि गाड्याही नव्या टाकल्या. त्यामुळे आधी आवृत्तीचं साल बघा नाहीतर 1930 च्या दशकातली मॉडेलं शोधत बसाल आणि हाती काहीच लागणार नाही. स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून घेतलेल्या कॉपीत नेमकं सालाचंच पान फाटलेलं असतं, म्हणून घेतानाच उघडून बघायचं!

डोनाल्ड डकच्या 313 ला हा नियम लावू नका हां, ती अमेरिकन बँटमशी मिळतीजुळती धरतात पण कार्टूनसाठी आखडून टाकलीय, खिळा-खिळा जुळवायला गेलात तर वेडे व्हाल. 1966 च्या टीव्हीवरची बॅटमोबाइल उलट पूर्ण खरी, 1955 ची लिंकन फ्युचुरा नावाची एकुलती कॉन्सेप्ट कार, म्हणजे नमुन्याची गाडी होती, तिच्यातच गाड्यांना नवं रूप देणाऱ्या जॉर्ज बॅरिसने फेरफार केले, डोक्यावरचे ते दोन पारदर्शक घुमट मूळ गाडीचेच.

अंदाज आला की गाडीचं नाव आणि साल टाकून त्याच अँगलचा फोटो शोधा, कॉमिकच्या शेजारी ठेवा. ग्रिल, छताचा उतार, चाकांवरचे कप, तिन्ही जुळलं तर बास. सरावाला टिनटिनच्या कॅलक्युलस अफेअरमधल्या त्या सुसाट इटालियनची गाडी घ्या, ढालीसारखी ग्रिल, छत सरळ मागे उतरत डिकीपर्यंत गेलेलं, लॅन्शिया ऑरेलिया बी20.