बिनमातीचं भात: या चुका टाळा

पाणी वाचवायचं तर भात मधूनमधून सुकवायचं, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. गच्चीवरच्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) कुंडात छिद्रांचा पाइप रोवायचा, आतलं पाणी १५ सेंटिमीटर खाली गेलं की पुन्हा भरायचं. हा आकडा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने दिलेला आणि चांगलाच आहे, पण तो चिखलणी केलेल्या शेतासाठी. चिकण माती पाणी उतरल्यावरही मुळांशी ओल धरून ठेवते. २५ सेंटिमीटर खोल कोकोपीटच्या कुंडात पाणी १५ खाली गेल्यावर मुळांना उरतं काय? मी ५ सेंटिमीटर खाली गेलं की लगेच पाणी सोडतो. रोज सकाळी पाइपात काठी घालून बघतो. टायमर मला पटत नाही.

गोव्यात डिचोलीतल्या एका मुलाचं वायंगणातलं (पावसाळ्यानंतरच्या हंगामातलं) भात बघायला शेजारी यायचे, फुटवे इतके दाट. पोटरी धरली, म्हणजे लोंबी पानाच्या देठात फुगू लागली, आणि हा टायमरवर सोपवून आठवडाभर मुंबईला गेला. टायमर फुटव्यांच्या वेळचाच, दोन पाण्यांमध्ये तीन दिवस कोरडे. पुढे लोंब्या आल्या, हिरव्यागार, आणि कापणीपर्यंत ताठ उभ्या राहिल्या. भरलेली लोंबी वाकते. दाणे चिमटीत दाबले तर जवळजवळ सगळे पोचट. मला फोन आला तो ‘कुठलं टॉनिक मारू?’ म्हणून. त्यावर टॉनिक नसतं. पोटरीपासून फुलोरा संपेपर्यंत कुंडात ५ सेंटिमीटर उभं पाणी हवं म्हणजे हवंच. बचत करायची ती त्याच्या आधी, फुटव्यांच्या काळात.

दुसरी चूक कोकोपीट न धुण्याची. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर त्या भुशात मीठ असतं. विटेवर ‘धुतलेलं’ छापलंय म्हणून लोक सरळ तरवा (भाताची रोपं) लावतात. आठवड्यात पानांची टोकं करपतात आणि मग युरिया टाकतात! मुळांशी ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप, डेसिसीमेन्स प्रति मीटरमध्ये) ३ च्या वर गेली की भाताचं उत्पन्न घटू लागतं, आणि कोवळा तरवा तर सगळ्यात नाजूक. निथळणाऱ्या पाण्याची ईसी १ च्या खाली येईपर्यंत मी धूत राहतो. त्यात दोन दिवस गेले तर जाऊ देत. ‘कोरगूट लावतो, ते खाजनात टिकतं’ असंही एकाने सुनावलं. गोव्याचं हे जुनं वाण खाजनात, म्हणजे खाऱ्या जमिनीत, टिकतं, पण ते उंच वाढतं आणि भुसभुशीत कोकोपीटमध्ये आडवं होतं. कुंडाला ज्योतीसारखं बुटकं वाण घ्या.

कोवळी पानं पांढरट पडली तर आधी पाण्याचा सामू (पीएच) बघा. तो ६.५ च्या वर असेल तर लोह असूनही रोपाला मिळत नाही.

लेट्यूससाठी बनवलेलं खत भाताला घालू नका. त्यातलं बहुतेक नत्र नायट्रेटचं असतं आणि उभ्या पाण्यात ते वायू होऊन उडतं. मी अमोनियम सल्फेट देतो, थोडंथोडं.

सिलिका कोकोपीटमधून फारशी मिळत नाही, म्हणून भरतानाच भाताचं जळकं तूस मिसळा. राखेने सामू चढतो, तेव्हा मूठभरच.

वायंगणाची लावणी लांबवू नका. फुलोऱ्यात ३५ अंशांवर ऊन गेलं तर पाणी असूनही दाणा भरत नाही, आणि गच्चीवर तेवढं तापायला एप्रिल लागत नाही.