अंग बाहेर येण्याच्या शस्त्रक्रियेआधीचे सहा आठवडे

अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय खाली सरकून योनीबाहेर येणं. त्याच्या शस्त्रक्रियेची तारीख शक्यतो नोव्हेंबर-डिसेंबरातली मागा. भातकापणी उरकलेली असते, आंबा-काजूचा हंगाम लांब असतो. नंतर तीन महिने हंडा, मोळी, गवताचा भारा उचलायचा नाही, हे तेव्हाच पाळता येतं. तयारी मात्र नवरात्रापासून.

पहिलं काम हिमोग्लोबिन. लहान रुग्णालयात भूलतज्ज्ञ ठरावीक वारी येतात. त्या दिवशी ८ निघालं तर बाई तशीच घरी परतते आणि पुन्हा येईलच असं नाही. म्हणून सहा आठवडे आधी तपासा. १० च्या खाली असेल तर जंताची गोळी आणि लोहाच्या गोळ्या. त्या चहाबरोबर नकोत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. गोळी सोसत नसेल किंवा दिवस थोडे असतील तर डॉक्टरांना शिरेतून देण्याच्या लोहाबद्दल विचारा: आयर्न सुक्रोज २०० मिलिग्रॅम, १०० मिली सलाइनमध्ये, एक दिवसाआड, आठवड्याला फार तर तीनदा. तेही रुग्णालयातच, कारण क्वचित रिअॅक्शन येते.

साखर, रक्तदाब, ईसीजी, लघवी आणि गर्भाशयमुखाची तपासणी त्याच फेरीत उरका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका.

आता सगळ्यात लपवली जाणारी गोष्ट. बाहेर आलेला भाग कपड्याला घासून सोलवटतो आणि तिथे जखम होते. ती भरल्याशिवाय शस्त्रक्रिया करत नाहीत. अंग आत सारून औषधाची पट्टी रोज बदलत राहिलं की जखम भरू लागते, पण त्याला दिवस लागतात. त्यामुळे आशाताईंनी (गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेने) पहिल्याच भेटीत, घरात दुसरं कुणी नसताना विचारावं: ‘काकी, बसताना चुरचुरतं का? परकराला डाग लागतो का?’

रक्तगट कळला की दाता ठरवून ठेवा. दात्याचं वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ हवं. शस्त्रक्रिया सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करायची असेल तर आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळवून घ्या. एकावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं असलं की काम तिथेच अडतं.

आदल्या रात्री हलकं जेवण. सकाळी पेजसुद्धा नाही. पेज हे अन्नच आहे, पोटात असेल तर भुलीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ शकते. साधं पाणी किती वाजेपर्यंत, ते भूलतज्ज्ञांना विचारा. नखांचा रंग पुसा. बांगड्या घरीच उतरवा. हात सुजला तर त्या फोडाव्या लागतात आणि बाईचा जीव तिथेच हळहळतो.

सोबत रात्री थांबणारी एक बाई हवी, आणि घरी पाणी कोण भरणार हे निघण्यापूर्वी नवऱ्यासमोर ठरलेलं हवं.